‘जर’ आणि ‘जरी’ : एका संगणकीय नोंदीची पाठचिकित्सा

पाठचिकित्सा म्हटली की आपल्यासमोर पोथ्या उभ्या राहतात. डॉ. सु. मं. कत्रे यांचे भारतीय पाठचिकित्सेवरील इंग्रजी पुस्तक १९४१ साली निघाले, आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. या कार्यांनी पुण्यात जी शिस्त रुजवली, तिचा संबंध आपण सहसा भूर्जपत्रांशी, ताडपत्रांशी आणि लेखनिकाच्या डुलकीशी जोडतो. वस्तुतः जेथे एक मजकूर समोर ठेवून दुसरा सिद्ध केला जातो, तेथे तेथे गळती, भर आणि बदल हे तिन्ही प्रकार संभवतात. मग मधला काळ हजार वर्षांचा असो की दोन आठवड्यांचा. प्रस्तुत लेखात ज्या दोन मजकुरांची तुलना करावयाची आहे, ते २०१९ सालच्या जुलै महिन्यातले आहेत, इंग्रजीत आहेत आणि दोन्ही मिळून त्यांनी एक छापील पानही भरत नाही.

यांतला एक मजकूर माझ्याकडे आला तो एका शिक्षणसंस्थेतील संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांकडून. भाषेच्या प्राध्यापकाकडे त्यांनी का यावे, असे मलाही वाटले. त्यांची अडचण मात्र खरोखरच भाषेची होती. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, फ्लॉपी चकती चालवणारा जो ड्रायव्हर आहे, त्यात एक छिद्र सापडल्याचे एका अधिकृत सूचीत नोंदलेले होते. त्यांच्या संस्थेत शेकडो विद्यार्थी एकाच यंत्रावर काम करीत. ‘सर, हे आमच्या मुलांना करता येईल का, एवढेच मला या चार वाक्यांवरून सांगा,’ असे ते म्हणाले. मी ती वाक्ये पुन्हा पुन्हा वाचली. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष होती. परंतु प्रश्नाचे उत्तर त्यांतून निघत नव्हते. पुढे ज्या मूळ टिपणावरून ती नोंद सिद्ध झाली ते पाहिले, तेव्हा उत्तर त्यात एका गौण वाक्याच्या रूपाने उभे असलेले दिसले. नोंद करताना नेमके तेच गळले होते.

छिद्र कोणते हे आधी समजून घेतले पाहिजे. त्यावाचून पाठभेदाचे मोल कळणार नाही. साडेतीन इंची फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूवर ऐंशी वर्तुळाकार ट्रॅक असतात, आणि नेहमीच्या चकतीत एका ट्रॅकवर प्रत्येकी ५१२ बाइटांचे अठरा सेक्टर बसतात. दोन्ही बाजूंचा गुणाकार केला म्हणजे १४,७४,५६० बाइट भरतात. ही मापे बदलण्याची मुभा ड्रायव्हर देतो. कोणताही प्रोग्राम त्याला एक आज्ञा देऊन सांगू शकतो की, या चकतीची घडण आता अशी अशी समज. मग दुसऱ्या आज्ञेने त्या घडणीप्रमाणे चकती आखून घेता येते. यालाच आपण फॉर्मॅट करणे म्हणतो. उपकरणाला अशा आज्ञा देण्याच्या प्रकारास आयऑक्टल हे नाव आहे.

घडण सांगताना दोन राशी महत्त्वाच्या ठरतात. एकीचे नाव ‘सेक्ट’. ट्रॅकवर ५१२ बाइटांचे किती सेक्टर मावतील, याची ती गणना. दुसरीचे नाव ‘रेट’. नावावरून ती माहिती वाहण्याचा वेग सांगत असावी असे वाटते, आणि ते खरेही आहे; परंतु तिच्यातील तीन बिटांवर सेक्टरच्या आकाराचा संकेतही लादलेला आहे. नाव एक आणि अर्थ दोन! काव्यात याला श्लेष म्हणून आपण गौरवतो, पण यंत्रभाषेत हा श्लेष वाचकाला गोत्यात आणतो. समजा, ‘सेक्ट’ सात सांगितला आणि ‘रेट’च्या पोटातून सेक्टरचा आकार ४,०९६ बाइट ठरवला. सात वेळा ५१२ म्हणजे ३,५८४. एवढ्या जागेत ४,०९६चा एकही सेक्टर मावत नाही, म्हणून ड्रायव्हरच्या पूर्णांक गणिताने ट्रॅकवरील सेक्टरांची संख्या शून्य येते. शून्याला जाण्याची दुसरी वाट याच्या अगदी उलट आहे. नेहमीचा आकार ठेवून ‘सेक्ट’ २५६ सांगितला, तर ती संख्या आठ बिटांच्या खणात मावत नाही, आणि खणात उरते शून्य. अतिन्यूनता आणि अतिरेक येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

आता फॉर्मॅटची आज्ञा येते. ट्रॅकवरील पहिला सेक्टर कोठे पडावा हे ठरवण्यासाठी ड्रायव्हर एका राशीला सेक्टरांच्या संख्येने भागून शेष काढतो. भाजक शून्य. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे नाव देऊन तिला गणितात निदान उभे राहावयास जागा दिली होती. इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरजवळ असे नाव नाही. तो अपवाद उपस्थित करतो, आणि त्याच्या अपवादांच्या यादीत या अपवादाचा क्रमांकही शून्यच आहे. सामान्य प्रोग्रामकडून ही चूक घडली तर तेवढा प्रोग्राम मरतो. कर्नेलकडून घडली तर यंत्र कधी तेथल्या तेथे थांबते, कधी जखमी अवस्थेत चालत राहते. अशा प्रसंगी कर्नेल जो कबुलीजबाब लिहिते त्याला त्या मंडळींत ‘ऊप्स’ असे म्हणतात. एका उद्गारवाचकाचे असे पारिभाषिक नाम झालेले माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

येथे जी तपासणी कमी पडली, तिचे स्वरूप भाषाभ्यासकाला परिचित वाटावे. ड्रायव्हर काहीच तपासत नव्हता असे नाही. ‘सेक्ट’ शून्य किंवा ऋण असू नये, हे तो पाहत होता. ट्रॅकांची मर्यादाही पाहत होता. प्रत्येक पद स्वतंत्रपणे शुद्ध होते. आपल्याकडे शाब्दबोधाच्या चर्चेत वाक्यार्थाला आकांक्षा, योग्यता आणि संनिधी यांची गरज सांगितली आहे, आणि योग्यतेच्या अभावाचे ठरीव उदाहरण म्हणजे अग्नीने सिंचन करणारा माणूस. अग्नी हे पद शुद्ध, सिंचन हेही शुद्ध. त्यांचा अन्वय मात्र अयोग्य. ड्रायव्हरने पदे तपासली, योग्यता तपासली नाही. शिवाय येथे अयोग्यता एका वाक्यापुरती राहिलेली नाही. पहिली आज्ञा एकटी निरुपद्रवी, दुसरी एकटी निरुपद्रवी. संनिधीने घात होतो.

हे छिद्र माणसाला सुचले नव्हते, हेही येथे नोंदवले पाहिजे. ते सिझकॉलर नावाच्या, गूगलमध्ये तयार झालेल्या साधनाने शोधले. कर्नेलला द्यावयाच्या आज्ञांची वर्णने या साधनाला एका छोट्या औपचारिक भाषेत पुरवलेली असतात. त्या व्याकरणावरून ते आज्ञांच्या मालिकाच्या मालिका रचते, त्यांत फेरफार करते आणि कर्नेलचा पूर्वी न चाललेला भाग कोणत्या मालिकेने चालू होतो ते पाहत जाते. नियमबद्ध पण निरर्थक वाक्ये व्याकरणाला प्रसवता येतात, हे चॉम्स्कीने १९५७ साली दाखवले तेव्हा तो सिद्धांताचा मुद्दा होता. येथे तीच क्षमता परीक्षेचे हत्यार झाली आहे. असो.

आता दोन्ही पाठांकडे वळू. पहिला पाठ म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याने आपल्या दुरुस्तीसोबत जोडलेले टिपण. दुसरा पाठ म्हणजे ‘सीव्हीई’ या सूचीतील नोंद, क्रमांक सीव्हीई-२०१९-१४२८४. ही सूची अमेरिकेतील मायटर या संस्थेने १९९९ साली सुरू केली. जगभरच्या छिद्रांना एकेक क्रमांक आणि त्यासोबत थोडक्यात वर्णन देणे हे तिचे काम. दोन लागोपाठच्या आज्ञांचे वाक्य आणि पहिल्या आज्ञेने काय साधावे हे सांगणारे वाक्य, ही दोन्ही नोंदीत जवळजवळ अक्षरशः उतरली आहेत. त्यामुळे नोंद टिपणावरून सिद्ध झाली याविषयी शंका राहत नाही. भेद पुढे सुरू होतात.

टिपण दोन गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत सांगते. एक, चकती आत घातलेली असण्याची आवश्यकता नाही. दोन, विशेष अधिकार नसलेला वापरकर्ताही हा दोष जागा करू शकेल, जर ते उपकरण त्याला हाताळता येण्याजोगे असेल. नोंदीने या दोन वाक्यांचे एक केले. तिच्यात असे म्हटले आहे की, विशेष अधिकार नसलेला स्थानिक वापरकर्ता हा दोष जागा करू शकतो, जरी चकती आत घातलेली नसली तरी. जोडताना ‘जर’चे गौण वाक्य संपूर्ण गळले, आणि त्याच्या रिकाम्या जागी ‘जरी’चे येऊन बसले. मराठीत हा भेद एका स्वराचा आहे. अर्थात मात्र ते दोन शब्द परस्परांच्या उलट दिशेला ओढतात. ‘जर’ विधानाला कुंपण घालतो: एवढी अट पुरी झाली तरच. ‘जरी’ असलेले कुंपणही काढून टाकतो: ही अडचण आली तरीसुद्धा. टिपणाचे विधान कुंपणातले होते, नोंदीचे विधान उघड्या रानातले झाले. त्यातच टिपणातील संभावनार्थी ‘शकेल’ नोंदीत निश्चयार्थी ‘शकतो’ झाला. यांतला कोणताही बदल एकटा घेतला तर क्षुल्लक वाटेल. पण तिन्ही एकाच दिशेला झुकलेले आहेत.

त्या गृहस्थांचा प्रश्न नेमका या गळलेल्या वाक्यावर टेकलेला होता. लिनक्समध्ये उपकरणही फाइलीसारखे असते. ते कोणी उघडावे याच्या परवानग्या ठरलेल्या असतात, आणि फ्लॉपीचे उपकरण अनेक ठिकाणी एका विशिष्ट गटाच्या सदस्यांनाच उघडता येते. त्यांनी परवानग्या पाहिल्या, विद्यार्थी त्या गटात नव्हते. दुरुस्ती करावयाची होतीच, ती त्यांनी सवडीने केली. नोंदीवर विसंबून ऐन परीक्षेच्या आठवड्यात यंत्र बंद ठेवण्याची पाळी त्यांच्यावर येऊ शकली असती.

नोंदकाराने काही भरही घातली आहे, आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. ‘स्थानिक’ हे विशेषण टिपणात नव्हते. दूरवरून, जाळ्यातून कोणी हे करू शकत नाही, हे त्या एका शब्दाने स्पष्ट होते. क्यूईएमयू हे आभासी यंत्रे उभारणारे साधन फ्लॉपीचे उपकरण आपोआप निर्माण करते, अशी पुरवणी सूचनाही नोंदीच्या शेवटी जोडली आहे. ती खरी आहे आणि महत्त्वाची आहे. त्याच जुलै महिन्यात लिनुस तोरवाल्ड्स यांनी या ड्रायव्हरला सांभाळणाऱ्यांच्या यादीत ‘अनाथ’ ठरवले. कारण पूर्वीच्या सांभाळणाऱ्याजवळ चालू स्थितीतले फ्लॉपीयंत्रच उरले नव्हते. (आपण अशा वस्तूला अनाथ न म्हणता बेवारस म्हटले असते, पुढे लवकरच तिला वारस मिळालाही.) फ्लॉपी लोकांच्या घरांतून गेली तरी आभासी यंत्रांत तिचे सोंग टिकून आहे, म्हणून ड्रायव्हर काढून टाकता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. तेव्हा ‘फ्लॉपी आता कोण वापरतो?’ म्हणून नोंद झटकणाऱ्या वाचकाला ती सूचना योग्य जागी अडवते.

परंतु ती सूचना गळलेल्या अटीची जागा घेऊ शकत नाही. उपकरण असणे आणि ते आपल्याला उघडता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाड्याला दिंडी असते म्हणून ती सर्वांना उघडी असते असे नाही. शिवाय त्या सूचनेने एक नवी संदिग्धता निर्माण केली. ‘स्थानिक’ म्हणजे कोठला? आभासी यंत्राच्या आतला वापरकर्ता शून्याने भागाकार घडवतो तेव्हा त्या आतल्या यंत्राचे कर्नेल कोसळते, त्याला पोटात बाळगणाऱ्या बाहेरच्या यंत्राचे नव्हे. क्यूईएमयूचे नाव वाचून वाचकाचे मन मात्र २०१५ सालाकडे जाते. त्या वर्षी क्यूईएमयूच्याच फ्लॉपी-नियंत्रकाच्या नकलेत एक छिद्र सापडले होते. त्याला इंग्रजी आद्याक्षरांतून ‘व्हेनम’, म्हणजे विष, असे नाव पाडण्यात आले, आणि तेथे आतून बाहेर निसटण्याचा धोका खराच होता. दोन्ही दोषांच्या वर्णनांत फ्लॉपी आहे, दोन्हींत क्यूईएमयू आहे. पण एक दोष नकलेत आहे आणि दुसरा नकलेशी बोलणाऱ्यात आहे. हा भेद सांगणारे एखादे क्रियाविशेषण नोंदीत असते तर बरे झाले असते.

‘५.२.३ या आवृत्तीच्या आधीच्या कर्नेलमध्ये’ हा नोंदीचा उपक्रमही असाच फसवा आहे. ‘आधी’ कशाने, काळाने की क्रमाने? लिनक्सच्या जुन्या मालिका समांतर चालू राहतात, आणि ही दुरुस्ती त्या मालिकांतही नेण्यात आली. त्या आवृत्त्या क्रमाने ५.२.३च्या आधीच्या असूनही दुरुस्त आहेत. केवळ अंक पाहणारी तपासणी-साधने अशा आवृत्त्यांवरही दोषाचा शिक्का मारतात. एका ‘आधी’ने किती व्यवस्थापकांचे किती तास घेतले असतील!

नोंदीच्या मुख्य क्रियापदाविषयीही थोडे म्हटले पाहिजे. ड्रायव्हरची फाइल ‘सेवा नाकारली जाण्यास अनुमती देते’ असा त्या वाक्याचा सांगाडा आहे, आणि असाच सांगाडा या सूचीत हजारो वेळा आला आहे. पाणिनीच्या मते क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. येथे कर्तृपदी बसवलेल्या फाइलीला स्वातंत्र्य नाही, अनुमती देण्याची बुद्धीही नाही. ज्याने तपासणी लिहिली नाही तो आणि जो घात करील तो, असे दोन्ही खरे कर्ते वाक्याबाहेर उभे आहेत. मराठीत आपण ‘होऊ देते’ असे म्हणू, आणि त्यात ‘अडवावयास हवे होते, अडवले नाही’ ही छटा आपसूक येते. इंग्रजी ‘अलाउ’ला ती छटा अगदीच परकी नाही, परंतु साच्यातल्या वापराने ती झिजून गेली आहे. ‘सेवेचा नकार’ हा शब्दप्रयोगही तसाच. कर्नेल काही नाकारत नाही, ते पडते.

आणखी एक गळती मला सर्वांत खेदाची वाटते. टिपणात दुरुस्ती करणाऱ्याने प्रांजळपणे लिहिले आहे की, योग्य तपासणी करावयाची तर ‘सेक्ट’ आणि ‘रेट’ यांना वाजवी वरची मर्यादा घालावयास हवी होती. परंतु तसे केल्याने वापरणाऱ्या प्रोग्रामांशी कर्नेलचा जो उघड करार आहे तो बदलू शकतो. म्हणून घडण स्वीकारताना आणि आखणीच्या वेळी, अशा दोन ठिकाणी निष्पन्न संख्या शून्य आहे की काय एवढेच पाहिले. आपली दुरुस्ती कोठे थांबली आणि का थांबली, हे स्वतः सांगणारा लेखक कोणत्याही शास्त्रात दुर्मिळ असतो. नोंद वाचणाराला मात्र छिद्र होते आणि गेले, एवढेच कळते.

यावर कोणी म्हणेल की, नोंद हे सूचीचे कार्ड आहे. ग्रंथालयाच्या कार्डाकडून ग्रंथाची अपेक्षा कशाला? आक्षेप अर्धा मान्य आहे. नोंदकाराला दिवसाकाठी कितीतरी टिपणे संक्षिप्त करावी लागतात, आणि मूळ टिपणाचा दुवा तो देतोच. परंतु ग्रंथालयातले कार्ड वाचून कोणी यंत्र बंद करीत नाही. येथे कार्ड हेच अनेकांचे एकमेव वाचन असते, आणि संक्षेपात विशेषण गेले तर चालते, अट गेली तर विधानच बदलते. संक्षेपाचा हा पहिला नियम आपण एम. ए.च्या विद्यार्थ्यालाही सांगतो.

फेब्रुवारी २०२४ पासून ही परिस्थिती पालटली आहे. लिनक्स कर्नेलची मंडळी आता आपल्या छिद्रांना स्वतःच क्रमांक देतात, आणि नोंदीत एका ठरीव प्रारंभवाक्यानंतर दुरुस्तीचे टिपणच जवळजवळ जसेच्या तसे येते. म्हणजे मधला लेखनिक गेला, मूळ पाठ थेट वाचकाच्या हाती आला. अटी गळण्याची भीती यामुळे कमी झाली हे खरे. पण टिपण लिहिले जाते ते कर्नेलच्या जाणकारासाठी. कोणाला धोका आहे हे सांगणे त्याच्या लेखकाचे काम नसते, आणि पुष्कळदा तो ते सांगतही नाही. नोंदींची संख्याही अतोनात वाढली, कारण कर्नेल सर्वांच्या तळाशी असल्याने त्यातील जवळजवळ कोणताही दोष धोक्याचा ठरू शकतो, असे त्या मंडळींचे धोरण आहे. पूर्वी चुकणारा का होईना भाष्यकार होता, आता संहिताच आहे. जुन्या नोंदी तपासताना टिपणाशी ताडून पाहाव्या लागतात. नव्या नोंदींना भाष्य जोडावे लागते, आणि ते मराठीत जोडणारे अद्याप फारसे कोणी नाही.

त्या गृहस्थांच्या उपयोगासाठी प्रस्तुत नोंदीचा जो मराठी पाठ मी सिद्ध केला, तो असा:

‘लिनक्स कर्नेलचा फ्लॉपी ड्रायव्हर, दुरुस्ती नसलेल्या आवृत्त्यांत (५.२ मालिकेत ५.२.३ या आवृत्तीपूर्वी, जुन्या मालिकांसाठी आपापल्या वितरकाची सूचना पाहावी), शून्याने भागाकार होऊ देतो आणि त्यामुळे कर्नेल कोसळू शकते. पहिल्या आज्ञेने चकतीची घडण अशी सांगितली की ट्रॅकवरील सेक्टरांची संख्या शून्य निघते, आणि मग फॉर्मॅटची आज्ञा दिली, तर हे घडते. त्या यंत्रावर काम करणाऱ्या, विशेष अधिकार नसलेल्या वापरकर्त्यालाही हे करता येईल, जर फ्लॉपीचे उपकरण त्याला उघडता येत असेल तर; चकती आत असण्याची गरज नाही. क्यूईएमयूने उभारलेल्या आभासी यंत्रात असे उपकरण आपोआप असते. तेथे कोसळते ते आतल्या यंत्राचे कर्नेल.’

यात ‘उघडता येत असेल’ या ठिकाणी मी प्रथम ‘उपलब्ध असेल’ असे लिहिले होते. ते खोडले, कारण उपलब्ध म्हणजे जागेवर असलेले की वापरण्यास मोकळे, हा संशय त्या शब्दात तसाच राहतो, आणि टिपणातील इंग्रजी शब्दातही तो थोडासा आहेच.